मी सांगितलेला फुलारीचा अर्थ

या जागी आधी दुसरं प्रकरण होतं. वाडीच्या गणेशोत्सवावर मी चांगली ऐसपैस पानं लिहिली होती. मखर, मेळ्यातली गाणी, विसर्जनाला चौपाटीपर्यंत ओढत नेलेली हातगाडी, सगळं होतं त्यात. लिहून झाल्यावर वाचलं तेव्हा दिसलं, की देवापाशी रोज संध्याकाळी हार करत बसणारी बाई मी त्यातून सफाईनं काढून टाकली आहे. हे मी मुद्दाम केलं नव्हतं, आणि तेच वाईट. इतक्या वर्षांत तिच्यापाशी आलो की वळसा घालून पुढे जायची सवयच लागली आहे मला. मुलांना चाळीच्या गोष्टी सांगताना, शाळेतून निवृत्त होताना केलेल्या भाषणात, बायकोशी गप्पा मारतानासुद्धा मी हेच केलं. ती पानं बाजूला ठेवली. आता जे घडलं ते सांगतो.

निमित्त माझ्या नातीचं. परवा ती फोन घेऊन माझ्या खोलीत आली. "आजोबा, हे ऐका ना. तुम्ही मराठीचे सर, तुम्हाला आवडेल." कुणीतरी शब्दांच्या गमती म्हणून काहीबाही पाठवलं होतं, ते ती वाचायला लागली. फुलारी हा शब्द कसा आला, माहीत आहे? देवावरची शिळी फुलं उतरवणारा तो फूल-उतारी, त्याचाच पुढे झाला फुलारी. म्हणजे आपल्या दारात येते ती पुडी... पुढचं वाक्य मी तिच्या आधीच म्हणून टाकलं. "हे काय, तुम्हाला आधीच आलेलं?" ती हिरमुसली. मी नुसती मान हलवली. खाली नाव कुणाचंच नव्हतं. ते माझं असायला हवं होतं.

आम्ही गिरगावात एका वाडीतल्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, आणि आमच्या दारापुढचा गॅलरीचा तुकडा. अण्णा फोर्टात एका कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचं घरातलं अस्तित्व म्हणजे खुंटीवरचा कोट आणि रविवारचा वर्तमानपत्राचा आवाज. घर होतं ते आईचं. पहाटे ती स्टोव्हला पंप मारायला लागली की त्या आवाजानं मला जाग यायची, पण मी डोळे उघडायचो नाही. त्यानंतरच्या एका आवाजाची मी वाट पाहत पडून राहायचो. दाराच्या कडीचा अगदी बारीक आवाज. कडीच्या आणि दाराच्या फटीत पुडी खोचली गेली की कडी एकदाच हलायची. मग अनवाणी पावलं पुढच्या दाराशी, तिथली कडी, मग त्यापुढची. आमची चाळ अशी दारादारानं जागी व्हायची.

पुडी म्हणजे केळीच्या पानाच्या तुकड्यात बांधलेली फुलं, वरून केळीच्याच सोपटाची दोरी. आत तगर, एखादं जास्वंद, झेंडू, दूर्वांची जुडी, तुळशीच्या मंजिऱ्या. सोमवारी बेल. आई अंघोळ करून ओलेत्यानंच पुडी सोडायची आणि ओल्या फडक्यावर फुलं मांडायची. पोह्यांना फोडणी पडेपर्यंत तेवढा वेळ घरात फुलांचाच वास असायचा. आता माझ्याकडेही फुलं येतात, सतराव्या मजल्यावर, कागदी खोक्यातून. मुलगा फोनवर मागवतो. ताजी असतात, वाईट म्हणवत नाही. फक्त ती येतात तेव्हा बेल वाजते, आणि दार उघडेपर्यंत आणणारा मुलगा लिफ्टमध्ये असतो.

पुडी आणणाऱ्या बाईला सगळी वाडी फुलारीण म्हणायची. तिचं नाव वच्छला. ते फक्त आई घ्यायची, आणि आईमुळे मी तिला वच्छामावशी म्हणायचो. वाडीच्या तोंडाशी जिन्याखाली एक बसकी खोली होती, तिथे ती, तिचा नवरा आणि मुलगी शेवंता राहायचे. नवरा लालबागला गिरणीत होता. पाळीवरून यायचा आणि झोपायचा, एवढंच आम्ही त्याला पाहिलेलं. मावशी अंधारात उठून भुलेश्वरच्या फूलगल्लीत जायची, टोपली भरून आणायची, दारातल्या दिव्याखाली पुड्या बांधायची आणि तीन मजले चढायची. ठेंगणी, काळीसावळी, अंगानं भरलेली. कपाळावर मेण लावून त्यावर दाबलेलं भलंमोठं पिंजरीचं कुंकू. नऊवारीच्या कडेला कायम ओल असायची.

सगळी दारं झाली की ती आमच्या उंबऱ्यावर टेकायची. आई तिला चहा द्यायची आणि आदल्या दिवशीची उरलेली फोडणीची पोळी. आईला बाकीच्या बायकांशी बोलताना मोजून मापून बोलावं लागायचं, कोण काय लावून घेईल सांगता यायचं नाही. मावशीशी तसं नव्हतं.

"वैनी, पोळीत आज मिरची जास्त झाली."

"फुकट खातेस आणि वर नावं ठेवतेस?"

"फुकट कुठं? अबोलीची वेणी तुमच्या केसात हाये ती कुणाची?"

असं चालायचं. मी आत पुस्तक घेऊन बसलेला असायचो. बी.ए.ला मराठी घेतलं होतं, त्याचं अण्णांना दुःख आणि आईला कौतुक. भाषाशास्त्र नावाचा नवा विषय आला होता आणि त्यानं मला अगदी झपाटलं होतं. कुठलाही शब्द घ्यायचा आणि त्याचं घराणं शोधायचं. जेवताना मी आईला भाकरी, लोणचं, पाट यांच्या व्युत्पत्ती सांगायचो. ती म्हणायची, "आधी गिळ, मग सांग."

एके दिवशी मावशी उंबऱ्यावरून मला म्हणाली, "मधूभाऊ, तू शब्दांचं शिकतोस म्हणं. आमच्या नावाचा अर्थ काय रं?"

"वच्छला म्हणजे..."

"ते नव्हं. फुलारी. शेवंताच्या बाईंनी वर्गात सांगितलंय, ज्यानं त्यानं आपल्या आडनावाचा अर्थ इचारून यायचा. आमच्या ह्यांना इचारलं तर म्हणं, अर्थ कसला, फुलं इकतो म्हणून फुलारी. पर बाईंना एवढं पुरंल का? बाकीच्या पोरी काय काय सांगतील. तू जरा नीट बघून सांग."

त्या आवाजात मला काहीतरी पहिल्यांदाच ऐकू आलं. आयुष्यभर जिनं सगळ्यांच्या देवांपर्यंत सगळं पोचवलं, तिला स्वतःसाठी एक गोष्ट हवी होती, आणि ती माझ्याकडे होती असं तिला वाटत होतं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, बघतो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरांना गाठलं. आमचे सर कोरडे होते, पण विषय पक्का. जिना उतरता उतरताच त्यांनी सांगितलं, "पुजारी तसा फुलारी. पूजा करणारा पूजाकारी, त्यातला क गळला. तसंच फुलांचं. फुलांचं काम करणारा. यात काही विशेष नाही."

"आणखी काही, सर? जुनी प्रथा वगैरे?"

"नसलेली कुठून आणू?" असं म्हणून ते गेले.

मी खट्टू झालो. तिच्या नवऱ्यानं सांगितलं तेच सरांनी सांगितलं होतं, फक्त एक क जास्त. हे काय सांगायचं तिला? उद्या सांगू, परवा सांगू असं करत मी टाळत राहिलो. तीही दोनदा उंबऱ्यावरून माझ्याकडे बघून हसली, पण विचारलं नाही. बाईंनी दिलेली मुदत कदाचित संपूनही गेली असेल.

मग गणपती आले. त्या वर्षी उत्सव मंडळाच्या नानांनी मला एका संध्याकाळी भाषणाला उभं केलं. पाहुणे म्हणून एका साप्ताहिकाचे संपादक यायचे होते, त्यांच्यासमोर वाडीचं शिकलेलं पोर दाखवायचं होतं. विषय मीच दिला, आपल्या वाडीतले शब्द. आठवडाभर मी घरात येरझाऱ्या घालत तयारी केली. वाणी, गवळी, कासार, सगळ्यांचं जमलं. प्रत्येकात काहीतरी चुरचुरीत मिळत होतं. फुलारी तेवढा सपाट राहिला. आणि तो वगळता येईना, कारण मावशी तिथेच असणार होती, मखराच्या डाव्या अंगाला सतरंजीच्या कडेवर, आरतीच्या हाराला दूर्वा गुंफत. एका दुपारी मला सुचलं, उतारी. फूल-उतारी. सुचल्याबरोबर ते इतकं खरं वाटलं की मी उठून एकटाच हसलो. असं असायला काय हरकत आहे? देवळात रोज पहाटे आदल्या दिवशीची फुलं कुणीतरी उतरवतच असणार. त्याला काहीतरी म्हणत असतीलच. हे असंच चढत गेलं, आणि संध्याकाळपर्यंत मी त्याला चार शतकांपूर्वीची प्रथा करून टाकलं होतं.

भाषण रंगलं. वाण्यावर हशा आला, गवळ्यावर आला. मग मी मावशीकडे हात केला. "आणि ही आपली फुलारीण." सगळ्या माना तिकडे वळल्या. तिनं दूर्वांवरून डोळे वर केले, पदर नीट केला आणि थोडी ताठ बसली. शेवंताला तिनं कोपरानं ढोसलं, ऐक म्हणून. मी सांगितलं ते सगळं. देवावरची शिळी फुलं उतरवणं हा या मंडळींचा जुना मान, ती फुलं पुढे विकायची हाही मान, त्यावरून नाव पडलं. आणि टाळ्या मिळाव्यात म्हणून शेवटी म्हणालो, "तेव्हा मंडळी, आपल्या दारात येते ती पुडी देवानं वापरून झाल्यावरची आहे, असं समजायला हरकत नाही."

असा हशा त्या मखरापुढे पुन्हा कधी मी ऐकला नाही. मावशीही हसली. सगळे तिच्याकडे बघून हसत होते, म्हणून ती हसली. शेवंता हसली नाही. संपादकांनी पाठीवर हात ठेवला, "हे लिहून द्या आम्हाला, विनोदासकट." मी दिलं. पुढच्या अंकात छापून आलं, माझ्या नावानिशी. अण्णांनी तो अंक कचेरीत नेला. मराठी घेतल्याबद्दल त्यांनी मला माफ केलं ते त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी उंबऱ्यावर टेकली तेव्हा मी मोरीत तोंड धूत होतो. ती आईला म्हणाली, "एवढं मोठं असंल वाटलं नव्हतं बगा. चारशे वर्सांचं."

अंक बाहेर पडला त्या सुमारास पहिल्या मजल्यावरच्या लेलेकाकूंना पुडीतल्या तगरीवर लाल ठिपका दिसला. त्यांनी ते फूल तळहातावर घेऊन अख्ख्या गॅलरीत फिरवलं. "हे बघा. देवाच्या अंगावरचं कुंकू आहे हे. मधू बोलला ते उगीच नाही." कालपर्यंत जी गंमत होती, तिला पुरावा मिळाला. मग प्रत्येक घरात पुडी सोडताना फुलं उलटीपालटी होऊ लागली. कुणाला पाकळी मिटलेली दिसली, कुणाला गंधाचा वास आला. माणसाला शिळं अन्न चालतं, पण देवाला एकदा वाहिलेलं फूल दुसऱ्यांदा वाहायचं म्हणजे घरावर काय येईल याचा नेम नाही, अशी ती सगळी माणसं. त्यांना मी वाईट म्हणत नाही. माझी आईही त्यांतलीच होती, फक्त तिला वच्छामावशी माहीत होती.

तो ठिपका कशाचा, हे मला बघताक्षणी कळलं होतं. मावशी पहाटे मेण लावून कुंकू दाबायची, आणि त्याच बोटानं पुड्या बांधायला बसायची. तिच्या कपाच्या कानालाही ते लाल लागलेलं असायचं, आई रोज घासायची.

आईनं मला गॅलरीत गाठलं. "मधू, ते शब्दाचं तू वाचलं होतंस ना कुठे? मग खाली जाऊन सांग सगळ्यांना, की ती जुनी गोष्ट आहे, हिचा काही संबंध नाही त्यात. तुझं ऐकतील." मी गेलो. नानांच्या खोलीत चार-पाच जण बसले होते, लेलेकाकू दारात उभ्या. मी तोंड उघडायच्या आत नानांनी विचारलं, "ये, बरा आलास. तू लिहिलंस ते पुस्तकात आहे ना रे? का नुसतंच आपलं बोलायचं म्हणून?" नाही, एवढा एक शब्द म्हणायचा होता. पण नाही म्हटलं की साप्ताहिकातलं खोटं ठरणार, अण्णांच्या कचेरीतलं खोटं ठरणार, आणि माझ्याजवळ जे काही होतं ते तेवढंच होतं. मी म्हणालो, "हो. आहे पुस्तकात." आणि आईनं जे सांगायला पाठवलं होतं ते न सांगता वर आलो. तिनं विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणालो, "सांगितलं."

त्यानंतर जे झालं ते मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, पण मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. एका सकाळी मी दार उघडलं आणि मावशी पुडी खोचत होती. तिचं कपाळ रिकामं होतं. क्षणभर मला ती ओळखूच आली नाही. जिथे कुंकू असायचं तिथे फिकट, गुळगुळीत गोल होता, बाकी चेहऱ्यापेक्षा लहान वयाचा वाटणारा. आई मागून आली आणि एकदम दाराला धरून उभी राहिली. "वच्छा, काय झालं? शेवंताचे बाबा बरे आहेत ना?"

"बरं हायेत. झोपलेत." ती हसली. "आता पुड्या बांधून हुईस्तोवर लावायचंच नाही. घरी गेले की लावते. म्हंजी कुणाला डाग दिसायला नको."

"अगं, पण कुंकवाशिवाय..."

"करू काय वैनी? सांगून कुणी ऐकंना. म्हणलं दाखवावं."

नवरा जिवंत असलेली बाई पहाटेच्या वेळी उघड्या कपाळानं दारोदार फिरते आहे, म्हणजे तिला किती जड गेलं असेल, हे आजच्या मुलांना सांगूनही कळणार नाही. माझी नात कधीच कुंकू लावत नाही, आणि तिचं काही अडतही नाही. पण तिथे, त्या वेळी, ते तसं नव्हतं. मावशीनं आपल्या जवळचं सगळ्यात मोठं तारण काढून सगळ्यांच्या पुढे ठेवलं होतं. आणि ते उलटलं. दोन दिवसांत लेलेकाकू म्हणाल्या, सकाळी सकाळी दार उघडावं तर पुढे पांढरं कपाळ, हा कसला शकुन. डाग नको होता, पण हेही नको होतं. एकेका दारानं पुडी बंद केली. नवरात्राच्या आधी भुलेश्वरचा एक माणूस सायकलवरून यायला लागला. तो वर चढायचा नाही, खालूनच हाक मारायचा, आणि मुलं टोपलीतून दोरीनं पुड्या वर ओढून घ्यायची.

शेवटी आमचं एकच दार उरलं. एका दारासाठी कुणी अंधारात उठून भुलेश्वर गाठत नाही, पण मावशी येत राहिली. चहा व्हायचा, पोळी व्हायची, बोलणं कमी झालं. मी त्या वेळी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून दात घासायचो, अगदी हिरड्या दुखेपर्यंत. एक दिवस तिनं आईला सांगितलं, दादरला फुलबाजारात बसायला जागा मिळतेय, परळला नवऱ्याच्या भावाची खोली आहे, तिकडे जातो. आईनं तिची ओटी भरली. खण, नारळ, आणि डब्यात गूळपोळ्या. मी खाली सामानाला हात लावायला गेलो. ट्रंक उचलून हातगाडीवर ठेवली. शेवंता माझ्याकडे बघत नव्हती. मावशीनं माझ्या गालावर हात फिरवला आणि म्हणाली, "मोठा हो. नाव काढ."

मी मोठा झालो. परळला शाळेत मराठीचा मास्तर झालो, दादरला घर केलं. फुलबाजार माझ्या रोजच्या रस्त्यावर होता आणि मी रोज पलीकडच्या फुटपाथनं जायचो. वर्गात व्युत्पत्त्या शिकवल्या, मुलांना त्या आवडायच्या. पुजारी शिकवला. फुलारी कधी शिकवला नाही. आई मात्र गिरगावातून बसनं येऊन महिन्या-दोन महिन्यांनी मावशीला भेटायची, येताना पुडी घेऊन जायची. मला म्हणायची नाही, की चल. तिला केव्हा कळलं ते मला माहीत नाही. शेवटच्या आजारात, एका दुपारी पेज भरवत असताना ती अगदी सहज म्हणाली, "ते पुस्तकात नव्हतं ना रे?"

मी चमचा वाटीत ठेवला. "नव्हतं."

"मला वाटलंच. मला सांगून काय उपयोग. तिला सांगून ये एकदा."

आईचं तेरावं झालं. सुतक फिटलं, देव पुन्हा पुजायला घ्यायचे होते, फुलं हवी होती. त्या सकाळी मी पलीकडच्या फुटपाथनं गेलो नाही. पुलाखाली दोन्ही बाजूंना झेंडूच्या राशी, ओल्या गोणपाटांचा वास, हमालांचं बाजूला व्हा बाजूला व्हा. एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली होती. पार पांढरी झालेली, आणि कपाळावर तेच भलंमोठं कुंकू. शेजारी शेवंता गिऱ्हाईक करत होती, आता चांगली बाई झालेली, कानात मोबाईलची वायर. मी समोर उभा राहिलो. काय बोलायचं ते घरून ठरवून आणलं होतं.

मावशीनं हात डोळ्यांवर धरून बघितलं. "मधूभाऊ? वैनी बऱ्या हायेत ना? लई दिवस आल्या नाहीत."

मी सांगितलं. तिनं हातातला हार खाली ठेवला आणि माझा हात धरून मला पायरीवर शेजारी बसवलं. रडली नाही, नुसती माझा हात थोपटत राहिली, जणू तेराव्याला यायचं तिचंच राहून गेलं होतं. मग म्हणाली, "एकच दार उरलं होतं, आणि त्यातून कधी पुडी परत आली नाही." त्यानंतर माझं ठरवलेलं वाक्य कुठून सुरू करायचं ते मला सापडेना. तिनं शेवंताला हाक मारली. "बघ कोण आलंय. आपल्या नावाचा अर्थ ज्यानं काढून दिला, त्यो."

"ओळखलं की," शेवंता एक वायर काढून म्हणाली. "फूल-उतारी. शाळेत मला शिळी म्हणायच्या पोरी, दहावीपर्यंत." ती हसली. तिच्या हसण्यात राग शोधायचा मी प्रयत्न केला, राग असता तर बरं झालं असतं. "जाऊ दे हो सर, पोरीच त्या. तुमच्याकडं हार देऊ का सुटी फुलं?"

"तिला काय कळतंय," मावशी म्हणाली. "मला बी आधी वाईट वाटलं होतं, खोटं नाही सांगत. नंतर म्हणलं, शिकलेलं पोर बोललं ते खरंच असणार. आपल्या मागच्यांनी केलं असंल तसं. मग बसल्या बसल्या इचार केला, देवाच्या अंगावरचं उतरवायला तरी कुणीतरी लागतंयच की. कुणालाही हात लावू देतात का त्याच्या अंगाला? तवापासून बरं वाटतं. शेवंताच्या पोरांना बी मी हेच सांगितलंय."

मी ऐकत होतो. म्हणजे विश्वास एकट्या वाडीनंच ठेवला होता असं नव्हतं. तिनंही ठेवला होता, त्या संध्याकाळी ताठ बसली होती तेव्हापासून. मी फेकलेली गोष्ट तिनं घरी नेली, धुतली, आणि तिच्यात काहीतरी चांगलं शोधून नातवंडांना दिली. आता ती काढून घ्यायची का, असा एक प्रश्न माझ्या मनात आला, आणि मी त्याच्या आड लपलो. तो प्रश्न खरा होता, हे मी अजूनही म्हणेन. पण मी गप्प बसलो ते त्याच्यामुळे नव्हे. मी गप्प बसलो कारण ती माझा हात धरून बसली होती आणि मला तो हात सुटायला नको होता.

गिऱ्हाईक आलं. शेवंतानं माझी पुडी बांधून दिली. मी उठलो आणि पुन्हा येतो म्हणालो. गेलो तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं, आणि पायरीवर शेवंता एकटीच होती. "आई गेली ना सर, आषाढात. काही काम होतं?" मी म्हणालो, नाही, फुलं हवी होती. नातीनं तो फोन दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी टेकत तिथे गेलो. दुकान उघडं होतं, नवं, काचेचं. पायरी तोडून टाकली आहे. फुलवाल्यांना कुठे हलवलं ते तिथल्या पोराला माहीत नव्हतं.

आईच्या तेराव्यानंतर त्या पायरीवर बसून मला जे म्हणायचं होतं ते एवढंच होतं. मावशी, ते मी बनवलं होतं. फुलारी म्हणजे फुलांचं काम करणारा, तुझा नवरा म्हणाला होता तसंच. सरांनी मला ते आधीच सांगितलं होतं, पण त्यावर कुणी हसलं नसतं म्हणून मी तुला सांगितलं नाही. तुमच्यात कुणी देवावरचं फूल उतरवून विकलं नाही. लेलेकाकूंच्या हातातल्या तगरीवर होतं ते तुझं कुंकू होतं, आणि मला ते तेव्हाच माहीत होतं. नानांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. मला माफ कर.